ओंजळभर तणीस

ज्यांच्या घरी ना गाय ना बैल, त्यांना तणीस, धानाचा वाळका पेंढा, कशाला हवी, या प्रश्नाने सुलोचनाबाईचा दोन दिवस जीव खाल्ला होता. बिरसीत विमान चालवायला शिकवणारी शाळा आहे. तिथे शिकवायला पोलंडहून आलेला टोमाश, त्याची बायको मार्ता आणि आठ वर्षांची झोशा पावसाळ्याआधीपासून शेजारच्या घरात भाड्याने राहत होते. परवा मार्ता कुंपणाशी आली आणि हातवारे करून तिने तणीस मागितली. पेंढीभर नाही, ओंजळभर. सुलोचनाबाईने दिली, पण देतानाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

कारण त्याच्या दोनच दिवस आधी तिचं वासरू नाहीसं झालं होतं. टिकली. चार महिन्यांची, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. गाय हंबरून हंबरून थकली होती, पान्हा सोडत नव्हती, आणि सुलोचनाबाईच्या घशाखालीही घास उतरत नव्हता. नवऱ्याने, केवळरामने, धानाचे सगळे बांध पालथे घातले. यंदा गावाजवळ बिबट्या फिरत होता, त्यामुळे त्याने आशा सोडली. सुलोचनाबाईने सोडली नव्हती. तिच्या मते तिला चोर सापडला होता.

पुराव्यांना तोटा नव्हता. झोशा रोज कुंपणाला लोंबकळून टिकलीशी गप्पा मारायची. गावच्या पोरांत खेळून ती अशी बोली शिकली होती की डोळे मिटून ऐकलं तर पोरगी इथलीच वाटावी. शिवाय त्यांच्या मागच्या खोलीला चार दिवस कुलूप होतं. आणि आता ही तणीस! फरशीच्या घरात वासरू कोण लपवेल, असं केवळरामने एकदा विचारून पाहिलं. त्यावर त्याला माणसांची पारख नाही, हे त्याला ऐकवण्यात आलं.

चोर सावध होऊ नये म्हणून तिने आणखी एक शहाणपणा केला होता. टिकली कुठे गेली, असं झोशाने विचारलं तेव्हा ती आमगावला माझ्या बहिणीकडे गेली, असं तिने ठोकून दिलं आणि पोरीचा चेहरा बारीक न्याहाळला. पोरगी हिरमुसली. तेही सुलोचनाबाईने नाटकात जमा केलं.

चोवीस तारखेला दिवस बुडताना तिने टोपलीत वालाच्या शेंगा घेतल्या आणि शेजारी निघाली. शेंगा हे निमित्त होतं. दारात झोशा नवा फ्रॉक घालून एकटीच उभी होती आणि आभाळाकडे बघत होती. पहाऱ्याला ठेवली असणार, हे सुलोचनाबाईने लगेच ओळखलं. पण पहारेकरीणच तिला बघून उडी मारून आत पळाली आणि आपल्या भाषेत काहीतरी ओरडली. मार्ता बाहेर आली, सुलोचनाबाईचा हात धरला आणि तिला घरात घेऊन गेली.

मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत रंगीत कागदात बांधलेली खोकी होती, दुसरं काही नाही. टेबलावर पांढरी चादर होती आणि चादरीच्या कडेतून तिच्याच घरची तणीस डोकावत होती. माणसं तीन आणि ताटं चार.

झोशाने तिला सगळं समजावलं. आज नाताळची आदली रात्र. देवाचं लेकरू गोठ्यात जन्मलं, म्हणून चादरीखाली तणीस. पहिली चांदणी दिसली की जेवायचं. चौथं ताट न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी.

"आमी जिथं राहिलो तिथं दरसाल ठेवलं वो आजी," ती म्हणाली. "कोनीच नाही आलं. आज तू आली."

सुलोचनाबाई खुर्चीच्या कडेवर बसली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मार्ताने ताटात मासा वाढला, टोमाशने पाणी ओतलं. आता जेवून, शेंगा ठेवून गुपचूप घरी जाता आलं असतं, कोणाला कळलंही नसतं. तेवढ्यात झोशाने विचारलं, टिकली आमगावहून कधी येणार?

सुलोचनाबाईने घास परत ताटात ठेवला.

"आमगावले नाही गेली ते," सुलोचनाबाई म्हणाली. "हरवली. चार दिवस झाले."

 झोशाने बापाला सांगितलं आणि टोमाश ताडकन उभा राहिला. दोघं भराभर बोलले. झोशाचा चेहरा रडवेला झाला.

"बाबाले विमानातून दिसली होती, आजी. परवा बी, काल बी. विमानतळाच्या तारांच्या पलीकडं, कोरड्या कालव्यात. तांबडं वासरू. मीच म्हटलं, आजीची नाही ते, आजीची तं आमगावले गेली."

सुलोचनाबाईने कुंपणावरून केवळरामला हाक मारली. 

टोमाश आणि केवळराम बॅटरी घेऊन गेले. तासाभराने केवळरामच्या खांद्यावर टिकली आली, पाय खरचटलेले, पोट खपाटीला गेलेलं, पण जिवंत. दोन्ही बाजूंनी उंच काठ, त्यामुळे तिला वर चढता आलं नव्हतं. तळाशी थोडं गवत आणि डबक्यात पाणी होतं, त्यावर तिने दिवस काढले होते. गोठ्यात गाईने तिला चाटायला घेतलं तेव्हा सुलोचनाबाई उघड उघड रडली.

झोशा धावत घरी गेली आणि चादरीखालची सगळी तणीस ओढून घेऊन आली. टिकलीने तिच्या ओंजळीतून ती खाल्ली. मार्ता कुंपणापाशी हसत उभी होती.

"झोशा," सुलोचनाबाई हळूच म्हणाली, "मी पाहुनी म्हणून नव्हती आली वो. तुमीच वासरू चोरलं, असं वाटलं मले. ते शोधाले आली होती."

पोरीने तिच्याकडे नीट पाहिलं. 

"हे बी सांगू आईले?"

सुलोचनाबाईने कुंपणाकडे पाहिलं. मार्ता अजून हसतच होती, तिला काही कळलेलं नव्हतं.

"सांग," ती म्हणाली. "अन् सांगून झाल्यावर ते ताट राहते का नाही, ते मले येऊन सांग."

झोशा कुंपणाशी गेली. सुलोचनाबाई टिकलीच्या गळ्यावरून हात फिरवत, मान खाली घालून बसली. मागून पावलं आली ती दोघींची होती. मार्ताने तिचा हात धरला, अगदी मघासारखाच, आणि ती तिला घराकडे घेऊन निघाली.