एकोणीस ढगाळ फोटो

सोनाळ्याजवळच्या एका शाळेत पुष्पांजली विज्ञान शिकवायची आणि भागवत सर गणित. दोघांनी अर्ज केला आणि एका खगोल संस्थेच्या संशोधनासाठी त्यांची निवड झाली. एक तारा कधी उजळतो, कधी मंदावतो. दुर्बिणीने टिपलेले त्याचे फोटो संगणकावर उघडायचे, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज मोजायचं आणि आकडा तक्त्यात भरायचा, असं काम. दोनशे फोटो, निम्मे-निम्मे. वर्षभर मधल्या सुट्ट्या आणि रविवार त्यातच गेले. शोधनिबंधात दोघांचं नाव येणार म्हटल्यावर गावाने शाल-श्रीफळ देऊन सत्कारही करून टाकला.

मार्चमध्ये संस्थेतल्या शास्त्रज्ञ बाईंचा दोघांना मेल आला. सरांचे काही आकडे जुळत नाहीत, छापण्याआधी आठवडाभरात पुन्हा तपासून कळवा. सर रजेवर होते, म्हणून पुष्पांजलीने ते फोटो उघडले. पहिल्यात नुसता करडा ढग. दुसऱ्यातही तेच. एकोणीस फोटोंत तारा नव्हताच. तक्त्यात मात्र एकोणीस आकडे होते.

शाळा सुटल्यावर ती तशीच सरांच्या घरी गेली. त्यांची बायको वंदना पलंगावर पडून होती. दिवाळीपासून अकोल्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या चालल्या होत्या, आता डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. सर पुष्पांजलीला अंगणात घेऊन आले.

"सर, ढगात तारा कसा मोजला तुम्ही?"

सरांनी मागचं दार ओढून घेतलं. "दवाखान्यात बसून काम करून राह्यलो होतो, मॅडम. डोकं ठिकाणावर नव्हतं. मागचे-पुढचे आकडे पाहून भरून टाकले."

"रिकामं ठेवायचं ना. चालत होतं रिकामं. पह्यल्याच दिवशी सांगितलं होतं त्यायनं."

"मले वाटलं, म्हणतील मास्तरानं कामच केलं नाही."

"मंग तुम्हीच कळवा त्यायले. कारण लिहा, समजून घेतील."

"थोडे दिवस थांबा, मॅडम. ती रोज इचारते, नाव छापून आलं का म्हणून."

थोडे दिवस म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होतं.

पुष्पांजली मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबली. सरांनी काही कळवलं नव्हतं. मग तिनेच मेल लिहिला. वंदनाच्या आजाराबद्दलही दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. ते सांगणं सरांचं होतं. तिला वाटलं होतं, एकोणीस आकडे वगळतील आणि बाकीचे राहतील. उत्तर दोघांनाही आलं: तक्ता एकत्र असल्याने तो पूर्ण वगळत आहोत, दोन्ही नावंही. प्रामाणिकपणाबद्दल आभार. तिने मोजलेले शंभर फोटोही त्यात गेले.

अकरा दिवसांनी वंदना गेली.

पुष्पांजली भेटायला गेली तेव्हा सरांची आई जनकाबाई बायकांमध्ये बसली होती. तिने पुष्पांजलीचा हात धरला. "जाईपर्यंत इचारत होती वं पोरगी, छापून आलं का. भागवतनं सांगितलं तिले, आलं म्हणून. मंग डोळे मिटले. आलं ना वं, मॅडम?"

भिंतीला टेकलेल्या सरांनी मान वर केली नाही.

"हाव," पुष्पांजली म्हणाली. "आलं."

सर उठून बाहेर गेले. त्यानंतर शाळेत ते तिच्याशी कामापुरतंच बोलले, आणि जूनमध्ये देऊळगाव राजाकडे बदली मागून घेतली.