मधमाश्यांना सांगायची बातमी

जर्मन शूरवीरांनी आवई उठवली होती की गढीवरचा ड्यूक विसगिर्दास राजरक्ताचा नाहीच, रानातल्या कुणा मधवाल्याचं पोर आहे. गोष्ट खरी होती, हीच तर पंचाईत. घोडे राखायला आलेल्या या पोराला निपुत्रिक थोरल्या ड्यूकनं गुपचूप मांडीवर घेऊन आपलाच मुलगा म्हणून मिरवलं, आणि आपला बाप कोण हे पोरानं सोयीस्कर विसरून टाकलं.

त्या दिवशी सगळे सरदार निष्ठेची शपथ घ्यायला जमले होते. मधाची दारू वाहत होती. नेमकी तेव्हाच मान्तविले दारात येऊन उभी राहिली. विसगिर्दासची सख्खी धाकटी बहीण. पायांत झाडाच्या सालीची पायताणं, ती चिखलानं भरलेली.

"महाराज, माझा बाप गेला," ती म्हणाली. "मधमाश्यांना सांगायचंय. ते मुलानं सांगायचं असतं."

"मग इथं काय करतेस बाई? मुलाकडं जा की!" मिशाळ सुर्विला सरदार ओरडला आणि सगळे खो खो हसले.

घरधनी गेला की मुलानं पोळ्याच्या झाडावर टकटक करून माश्यांना कळवायचं, नाहीतर त्या घर सोडतात, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विसगिर्दासला तर चांगलंच. पण त्यानं सरळ कानांवर हात ठेवले.

"मी ओळखत नाही हिला. खायला द्या काहीतरी आणि वाटेला लावा."

आता या बाईनं चारचौघांत त्याचे वाभाडे काढले असते, तर तिला बोल कोण लावणार होतं? पण ती एवढंच म्हणाली, "माझंच चुकलं, महाराज. मी घर चुकले." राय धान्याच्या भाकरीला हातही न लावता ती निघून गेली.

शपथा पार पडल्या. एकेक सरदार 'थोरल्या ड्यूकच्या पुत्रा' म्हणत गुडघा टेकत होता आणि विसगिर्दासला प्रत्येक वेळी कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं होत होतं. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिकारीचं निमित्त काढून तो एकटाच रानात गेला. मान्तविले पाइनच्या झाडाखाली बापाचा चढायचा दोर गुंडाळत होती.

"मी आलोय," तो म्हणाला. "कुठल्या झाडापासून सुरुवात करू?"

"सांगून झालं. मीच सांगितलं. किती ताटकळत ठेवायचं त्यांना?"

"काय सांगितलंस?"

"घरधनी गेला. मागे मुलगा नाही."

त्याचा चेहरा उतरला. "मी पुन्हा सांगतो. मुलगा आलाय म्हणून सांगतो."

"आणि उद्या गढीवर कुणी विचारलं तर?"

टकटक करायला झाडाकडं नेलेला हात त्यानं मागं घेतला.

"मग राहू दे, दादा," ती हळूच म्हणाली. "माश्यांशी आपल्यात खोटं बोलत नाहीत."