चाळिसाव्या पानावरचे मास्तर

लेखकाच्या कादंबऱ्या घरात कुणी वाचत नसे, आणि त्यावरून घरात कधी भांडणही झालं नाही. तीन झाल्या होत्या. बायको दर रविवारी त्यांच्यावरची धूळ न चुकता पुसायची. चौथी मात्र प्रकाशकाने परत पाठवली. चाळिसाव्या पानावर म्हातारा मरतो आणि तिथून पुढे वाचायला काही कारणच उरत नाही, असं त्याने फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं. त्याच्यासकट ऑफिसातल्या चौघांनी पुस्तक नेमकं त्याच पानावर खाली ठेवलं होतं. महिनाअखेरपर्यंत काही जमलं तर बघू, नाहीतर राहू द्या, म्हणाला. राहू द्या म्हणजे कायमचंच, एवढं लेखकालाही कळत होतं.

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या लेकीकडे राहायला आल्या. डॉक्टरांनी तीन आठवडे टीव्हीकडे बघायचं नाही म्हणून बजावलं होतं. आली का पंचाईत! त्यांची मालिका अकरा वर्षं चालू होती. शेवटी तोड त्यांनीच काढली. खुर्ची उलटी फिरवायची, टीव्हीकडे पाठ करून काळ्या चष्म्यातून पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून बसायचं, आणि जे कानाला कळत नाही ते जावयाने सांगायचं. "नाहीतरी तू घरीच असतोस," बायको म्हणाली, आणि तो विषय मिटला.

पहिल्याच दिवशी जावयाची भंबेरी उडाली. थोरल्या सुनेने घर सोडून जात असल्याचं जाहीर केलं आणि पडद्यावर सामसूम झाली. सगळे गप्प आहेत, असं जावयाने थोडक्यात सांगितलं. सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. सगळे म्हणजे कोण? सासरा कुठे बघतोय? धाकटीला आनंद झालाय का? नवऱ्याचं तोंड कसं झालंय? जावयाने एकेकाचं तोंड सांगितलं. माणसं सात होती आणि प्रत्येकाला तीन-तीनदा दाखवत होते. तेवढ्यात भाग संपला. मंगळवारी सून चप्पल शोधत होती. बुधवारी चप्पल सापडली. शुक्रवार उजाडला तरी बाई उंबऱ्याच्या आतच, आणि जन्मभर मालिकांच्या नावाने नाक मुरडणारा हा गृहस्थ सहाला दहा कमी असतानाच रिमोट घेऊन बसलेला. ती जाते की राहते, एवढंच त्याला हवं होतं. त्याला स्वतःचाच राग आला, पण उठवेना.

पुढच्या आठवड्यात ऐन सहा वाजता वीज गेली. सासूबाई थोडा वेळ बोटं मोडत बसल्या. मग म्हणाल्या, तुमचंच काहीतरी वाचा, तेवढाच वेळ जाईल. आठ वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. जावयाने घाईघाईने हस्तलिखित काढलं आणि जिथे दुखत होतं तिथूनच सुरुवात केली. निवृत्त मास्तर पत्र टाकायला निघतात, चष्मा विसरला म्हणून दारातून परत येतात, पुन्हा जातात. त्यानंतर ते वाक्य, ज्याच्यावर त्याने चार दिवस घालवले होते: मास्तर कोपऱ्यावर पडले आणि रस्ता नेहमीसारखा वाहत राहिला. वाचून त्याने कौतुकाच्या आशेने वर बघितलं.

"हे आमचेच ना?" सासूबाईंनी विचारलं.

वारलेले सासरे रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांना याने मास्तर केलं होतं. शेवटचे घरातून निघाले ते बल्ब आणायला, त्याचं याने पत्र केलं होतं. चष्मा तेवढा तसाच राहिला होता. नाही म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तो हो म्हणाला.

"मग त्यांची बायको कुठे आहे?"

त्याने पानं मागे उलटली. दीड पान भिंतीचं वर्णन होतं. मास्तरांची बायको दोनदा चहा देऊन गेली होती. आत असेल, असं तो कसंबसं म्हणाला.

"मी आतच होते," सासूबाई म्हणाल्या. "भांडी घासत होते. येतो म्हणाले, मी हो म्हटलं. मागे वळून बघितलंसुद्धा नाही."

आज किती पानं झाली, असं जावयाला रोज फोन करून विचारणारे एक सासरेच होते. त्यांच्या जाण्यापाशी थांबायची याला भीती वाटली, म्हणून याने एका वाक्यात उरकून टाकलं, आणि वर ती आपली शैली आहे असं चारचौघांत सांगत फिरला. त्याला मनापासून शरम वाटली.

सासूबाईंनी विचारलं, बायकोला बाहेर आणता येईल का? येईल, तो म्हणाला, आणि पेन्सिल घेऊन तिथेच लिहायला बसला. एकेक ओळ लिहायची आणि मोठ्याने वाचायची. मास्तरांची बायको हात पुसत बाहेर आली. तिची चाहूल लागली तसे मास्तर दारात थांबले.

"आता त्यांचं तोंड दाखवा," सासूबाई म्हणाल्या.

त्याने दाखवलं. दाढी करताना हनुवटीखाली उजवीकडे हमखास राहून जायचे ते पांढरे खुंट, एक भुवई वर, काय गं, अशी. खुंट उजवीकडे नाही, डावीकडे, अशी सासूबाईंनी चूक दुरुस्त केली. मध्येच वीज आली आणि टीव्ही आपोआप सुरू झाला. थोरली सून पुन्हा रडत होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही ते दोघं तिथेच बसले, आणि तिसऱ्याही. एवढ्यात नका जाऊ देऊ त्यांना, असं सासूबाई रोज उठताना सांगायच्या.

महिनाअखेरीला प्रकाशकाचा फोन आला. जावयाने नवी तीस पानं आधीच पाठवली होती. प्रकाशक या वेळी गोड बोलला नाही. हे काय, म्हातारा अजून दारातच आहे, असं तो जरा चिडूनच म्हणाला. मग त्यानेच विचारलं, "बायको काय म्हणते त्याला?"

फोनवर हात ठेवून जावयाने तोच प्रश्न खुर्चीकडे बघून विचारला.

"काही म्हणत नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "नुसती बघतेय. बघू दे तिला."