अजून खाली आहे

माझे सासरे चीनमधल्या हेनानच्या सपाट, गव्हाच्या मुलखातले. तिकडे जमीन एकच असते आणि ती पायाखाली असते. आमच्या डोंगरउतारावरच्या चोंगछिंग शहराचं तसं नाही. इथे घरात एका बाजूने शिरलात तर तळमजला, दुसऱ्या बाजूने बाहेर पडलात तर अकरावा, आणि दोन्हीकडे बसगाड्या धावत असतात. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही.

शहर बघायचा त्यांचा तो पहिला दिवस. हट्ट माझ्या बायकोचा, श्याओमानचा. म्हातारबुवा गेल्या वर्षभरात एकेकाला विसरत चालले होते. आधी शेजारी, मग सून, मग सख्खा मुलगा. श्याओमानला मात्र ओळखायचे, आणि त्याचा तिला कोण अभिमान! "मला ओळखतायत तोवर सगळं दाखवते," म्हणून भावाशी भांडून तिने त्यांना आणलं. शर्टाच्या कॉलरला फोन नंबर शिवायला गेली, तर भडकले. "मी काय बकरी आहे?"

सकाळी आमच्याकडच्या झणझणीत मिरीच्या नूडल्स खाल्ल्या. त्यांचे ओठ बधिर झाले. "जावईबापू, हे जेवण आहे की दात काढायचं औषध?" मग इमारतीच्या पोटात शिरणारी रेल्वे पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. श्याओमान इतकी खूश मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

दुपारी नदीच्या उतारावरच्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीत गेलो. मरणाची गर्दी. मीच शहाणपणा केला. "बाबा, चुकामूक झाली तर खाली रस्त्यावर दारापाशी थांबा. आम्ही येतोच." ते "बरं" म्हणाले. आम्ही फोटोपुरती पाठ फिरवली आणि ते नाहीसे झाले.

आलो होतो त्या दारापाशी धावलो. तिथे ते नव्हते. मागच्या दाराशीही नव्हते. पहारेकरी चहाचा घोट घेत म्हणाला, "म्हातारे हरवत नाहीत हो. कुठेतरी माहजोंग खेळत बसले असतील."

"त्यांना माहजोंग येत नाही!" श्याओमान त्याच्या अंगावर ओरडली. "त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही!"

पोलिसांना कळवलं. ते कॅमेरे तपासतो म्हणाले. कुठले आणि किती तपासणार? श्याओमान येणाऱ्याजाणाऱ्याला फोनमधला फोटो दाखवत होती. मग तिची नजर नदीवर गेली. पुराचं गढूळ पाणी काठाला लागलं होतं.

"त्यांना पोहता येत नाही," ती म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली. "अरे, त्यांना पोहता येत नाही!"

"गप्प बस जरा!" मी खेकसलो. भीती वाटली की माझं तोंडच आधी सुटतं.

शेवटी जिन्यावर थंड जेली विकणारी एक बाई म्हणाली, "निळ्या शर्टातला? तो उतरत गेला. मी म्हटलं, आजोबा, हाच रस्ता. तर म्हणाला, नाही, अजून खाली आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या लेखी बसगाडी दिसली की रस्ता. त्यांना प्रत्येक रस्त्याखाली आणखी एक रस्ता दिसला असेल, आणि जिथून खाली घरांची छपरं दिसतात ती जमीन कशी, असं वाटलं असेल. म्हणजे ते पार तळाशी, पाण्यापर्यंत गेले असणार. श्याओमान माझ्या आधीच धावत सुटली होती. दोनदा पडली, गुडघे फुटले, तरी थांबेना.

काठाला एक बंद गोदाम होतं. त्याच्या दाराला पाठ टेकून म्हातारबुवा ताठ उभे होते. तोंड उन्हाने लाल झालं होतं, पण दार सोडलं नव्हतं.

"बाबा!" तिने त्यांना मिठी मारली.

त्यांनी तिचे हात हळूच सोडवले, अगदी सभ्यपणे. "नाही बाई, मला इथून हलता यायचं नाही. माझी मुलगी यायची आहे. श्याओमान. मी दिसलो नाही तर घाबरेल ती."

श्याओमान माझ्याकडे बघायला लागली.

"मी थांबते तुमच्यासोबत," ती कशीबशी म्हणाली.

"थांब की," म्हातारबुवा बाजूला सरकले आणि दारापुढची आता कुठे पडलेली सावली त्यांनी तिला दिली. "रडतेस कशाला? तुझंही कुणी येतंय का?"