शिंकेआधी आवळलेले पाय

बॅटरीच्या कारखान्यातल्या एकशेवीस बायकांच्या तपासणीत कॅडमियम सापडलं, कुणात कमी, कुणात भरपूर. पण ‘लघवी नकळत गळते का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या फक्त दोघी.

“धातूचं आणि गळतीचं नातं असेल, असं वाटलं होतं,” डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “शुक्रवारी गाशा गुंडाळू.”

सहायक मुलगी नमुन्यांच्या बाटल्या आवरू लागली. तिची लेक नऊ महिन्यांची. बाळंतपणापासून तिच्या पिशवीत कपड्यांचा जादा जोड असे. का, ते नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. नमुने घेताना तिनं पाहिलं होतं: शिंक आली की या बायका आधी पाय आवळतात, मग शिंकतात. चोराच्या वाटा चोराला ठाऊक! आणि वेळ वाचावा म्हणून ते प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवले होते कुणी? मुकादमानं!

दुसऱ्या दिवशी तिनं कपडे बदलायच्या खोलीचं दार आतून लावलं.

“आधी माझं सांगते. मी शिंकले की गळतं. परवा लेकीला उचलताना भर दवाखान्यात ओली झाले.”

मग कोपऱ्यातून मावशी, सगळ्यांत जुनी कामगार, बोलली, “तू तर कालची पोर! मी सात वर्षं हसणं सोडलंय. लोक म्हणतात, खडूस आहे.”

“म्हणजे नाहीयेस?” कुणीतरी विचारलं.

खोलीत हशा फुटला. “हसवू नका गं मेल्यांनो!” म्हणत दोघी दाराकडे पळाल्या.

संध्याकाळपर्यंत प्रश्नांचे कागद नव्यानं भरले गेले. ‘हो’ म्हणणाऱ्या त्रेपन्न.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी वय, बाळंतपणं, सगळं हिशेबात धरून आकडे तीनदा तपासले. कॅडमियम चढेल तशी गळती चढत होती.

“कारण तेच का, ते पुढं शोधू. पण नातं आहे!” त्यांनी टेबलावर थाप मारली. “प्रकल्प चालू!”

मुलीनं आधी नवऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, पिशवीतल्या जोडासकट. मग ती कारखान्यात धावली.

मावशीनं ऐकलं आणि सात वर्षांचं साठलेलं हसू खदाखदा सोडून दिलं. मग मशीन बंद करून ताठ मानेनं उठली.

“कुठं निघालात?” मुकादम.

“मुतायला,” मावशी म्हणाली. “बाजूला व्हा. मागं बावन्न जणी आहेत.”