सोड म्हटल्याशिवाय

पक्कड जाऊन तीन महिने झाले होते, आणि त्याच्या गाडीची मागची चाकं काही केल्या मोकळी होत नव्हती.

गॅरेजात थोरल्या भावाला सगळे पक्कड म्हणत, कारण एकदा धरलेली गोष्ट तो सोडत नसे, मग तो गंजलेला नट असो की जुनं भांडण. धाकटा मात्र बावन्न वर्षांचा झाला तरी धाकटाच राहिला. गाडी थोरल्याची. मागची सीट काढून टाकलेली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, एकेक भाग स्वतःच्या हातानं बदललेला. तिला हायड्रॉलिक हँडब्रेक बसवायचं शेवटचं काम दोघा भावांनी हातात घेतलं होतं आणि ते अर्ध्यावर राहिलं होतं. आता पक्कडच्या लेकीला रविवारी तीच गाडी घेऊन शर्यतीत उतरायचं होतं. वळणावर लिव्हर ओढायचा, मागची चाकं क्षणभर अडकवायची, गाडी घसरत फिरवायची आणि लिव्हर सोडायचा. सोडल्यावर चाकं सुटली नाहीत, तर गाडी सरळ भिंतीत.

"काका, झालं नाही तरी मी नेणार आहे," पुतणी म्हणाली होती. बापाचीच लेक ती, नेली असती.

शुक्रवारी सकाळी धाकट्यानं गाडी चार स्टँडवर चढवली आणि सगळं ओळीनं तपासायला घेतलं. शटर पूर्ण वर होतं, उन्हाचा पट्टा बोनेटपर्यंत आला होता, समोरच्या रस्त्यावर माणसांची ये-जा चालू होती. घाबरावं असं तिथं काहीही नव्हतं.

या ब्रेकचं गणित तसं सोपं असतं. लिव्हर ओढला की एक दांडी सिलिंडरातला दट्ट्या ढकलते, तेलाचा दाब मागं जातो, चाकं अडकतात. लिव्हर सोडला की स्प्रिंग दट्ट्याला मागं आणते. दांडी जरा लांब झाली तर दट्ट्या पूर्ण मागं येत नाही आणि दाब कोंडून राहतो. नवशिके ही चूक हमखास करतात. धाकट्यानं दांडी मोजली, तर ती दीड मिलिमीटर मोकळी होती, पाहिजे तेवढीच. मग घोडं पेंड खातंय कुठं? त्यानं चाकांना आवळणारे कॅलिपर उघडून साफ केले, पाइप बदलले, शेवटी सिलिंडरसुद्धा नवा टाकला. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला. चाक तसूभर हललं नाही.

चाकाशी एक बारीक निपल असते, तेलात अडकलेली हवा काढण्यासाठी. ती उघडली की तेल चिळकांडीसारखं उडायचं आणि चाक मोकळं व्हायचं. बंद केली की दहा-बारा सेकंदांत पुन्हा घट्ट. म्हणजे कोणीतरी नव्यानं दाब देत होतं, आणि गाडीत तर कोणीच नव्हतं.

तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा तो गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि खिडकीतून आत डोकावला. दांडी मोजली तेव्हा जागेवर असलेला लिव्हर आता वीतभर मागं ओढलेला होता. त्यानं दोन्ही हातांनी तो पुढं ढकलून पाहिला. लिव्हर जरासा गेला आणि परत आला, अडकलेल्या वस्तूसारखा नाही, कोणीतरी धरून ठेवल्यासारखा. लिव्हरची मूठ कोमट होती. ऊन तिथपर्यंत पोचलंच नव्हतं.

धाकटा घाबरला. आपल्याला नवल वाटत नाहीये हे ध्यानात आलं, तेव्हा जास्तच घाबरला.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक सीटवर, एक गाडीखाली. सीटवरचा लिव्हर ओढून धरतो आणि सांगतो, "धरलंय." खालचा निपल उघडतो, हवा आणि तेल बाहेर येतं, निपल बंद करतो आणि सांगतो, "सोड." मधेच लिव्हर सुटला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून या दोघांचा तीस वर्षांचा एकच नियम होता: सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. एकदा पक्कडला ओळीनं अकरा शिंका आल्या होत्या, तरी त्याचा हात हलला नव्हता. धाकटा खाली पडून शिंका मोजत हसत होता, आणि मुद्दाम गप्प राहून त्यानं अकराव्या शिंकेनंतरच सोड म्हटलं होतं. त्यावरून दोघं कितीतरी वर्षं एकमेकांना चिडवत.

तीन महिन्यांपूर्वी, अशाच एका सकाळी, वरून "धरलंय" आलं. धाकट्यानं निपल उघडली, बंद केली, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो उठून रस्त्यावर गेला. सोड म्हणायचं राहून गेलं. फोनवर जुना मित्र होता, गप्पा रंगल्या.

या शुक्रवारी पुतणी दुपारी आली. सरळ गाडीकडे गेली, खिडकीतून हात घालून लिव्हर ढकलून पाहिला आणि हात झटकन मागं घेतला.

"गरम कसा हा?"

धाकट्यानं उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसकण मारली.

"काका, हे यंत्राचं काम नाहीये. तुला माहितीये काहीतरी."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. धाकट्याच्या मनात तीन महिने भरदिवसाचं ऊन पडलं होतं. त्याला वाटलं होतं की हे आपल्याबरोबरच जाईल. पण रविवार परवावर आला होता, आणि ही पोर या गाडीत बसणार होती.

"मी तुम्हाला सांगितलं, दादा क्षणात गेला आणि मी खालीच होतो," तो म्हणाला. "मी खाली नव्हतो. बाहेर फोनवर होतो. त्याला धरायला सांगून गेलो. परत आलो तेव्हा तो तसाच बसलेला होता, हात लिव्हरवर. एकेक बोट उघडावं लागलं मला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचले असते."

"आणि तू किती वेळ बाहेर होतास?"

"चाळीस मिनिटं."

तिनं मान खाली घातली. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"त्यांच्या छातीत दुखत असणार," ती म्हणाली. "उठून हाक मारता आली असती."

"आली असती. पण मी सोड म्हटलं नव्हतं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. माणूस गेला तरी पकड गेली नव्हती. धाकटा उठला. गुडघे टेकून उताणा झाला आणि तीन महिन्यांपूर्वीच्याच जागी, मागच्या चाकाशी गाडीखाली सरकला. सिमेंट गार होतं. लाज वाटत होती, आणि भावाची फार आठवण येत होती.

"दादा," तो म्हणाला, "झालं. सोड."

लिव्हर खटकन गेला नाही. हळूहळू पुढं गेला, दमलेला हात मागं घ्यावा तसा, आणि स्प्रिंग करकरली. धाकट्यानं चाकाला नुसतं बोट लावलं. चाक फिरलं, आणि बराच वेळ फिरत राहिलं.

पुतणीनं ते पाहिलं. ती रडली नाही, काकाजवळ वाकलीही नाही. दार उघडून बापाच्या सीटवर बसली.

"सकाळपासून कितीदा निपल उघडली असशील," ती म्हणाली. "हवा गेली असणार आत. काढून टाकू."

ते बरोबरच होतं. धाकट्यानं पाना निपलवर लावला.

"धरलंय," वरून आवाज आला.

त्यानं निपल उघडली. दोन बुडबुडे आले, मागोमाग स्वच्छ तेल. त्यानं निपल घट्ट केली. काम झालं होतं, गाडी रविवारी धावणार होती.

"सोड," तो म्हणाला.

वर काही हललं नाही.

"सोड, बाळा. झालं."

चाक अडकलेलंच होतं. तिच्या श्वासाचा आवाज त्याला सीटखालच्या पत्र्यातून ऐकू येत होता.

"थांब काका," ती म्हणाली. "उठू नकोस. चाळीस मिनिटं होऊ दे."

रस्त्याकडच्या बाकड्यावर ठेवलेला त्याचा फोन वाजू लागला. वाजून वाजून बंद झाला, परत वाजला. धाकटा पाना हातात धरून तसाच उताणा पडून राहिला.