जुन्या तक्त्याची ओळ

शेवटच्या साध्या दिवशी आईने स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावली होती. मी चहाचा कप खाली ठेवला, सगळी काढली आणि पुन्हा लावली. ती हनुवटी वर करून उभी राहिली.

"फॅशन आहे ती," ती म्हणाली.

"असेल."

"तुला काय कळतंय त्यातलं. तू आपली लोकांच्या बुबुळांत बघ."

मी कामावर गेले, संध्याकाळी परत आले, आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या उन्हात ती टपाल बघायला खाली उतरली आणि जिन्याची शेवटची पायरी तिला दिसली नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासनीस आहे. डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्यासमोर बसतो. मी त्याला तक्ता वाचायला लावते, मोतीबिंदूचा फोटो घेते, डोळ्याच्या आतला पडदा स्कॅन करते आणि सगळे आकडे संगणकात भरते. गेलं दीड वर्ष त्यात एक प्रोग्रॅम आहे. मोतीबिंदू काढला तर या डोळ्याला किती दिसेल, याचा अंदाज तो सांगतो. लोक निकाल लागल्यासारखे त्या आकड्याची वाट बघतात. त्याने कोणाला पाहिलेलं नसतं. मी जे भरते तेवढंच त्याला ठाऊक.

आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तिथे तिला डिरेक्टरी म्हणत. कानावर पडलेली गोष्ट तिच्या डोक्यातून जात नसे. आठवड्यातून दोनदा ती माझा डबा घेऊन दवाखान्यात यायची आणि मी मोकळी होईपर्यंत बाकावर बसून राहायची. समोर एकामागून एक पेशंट तीच अक्षरं वाचत असायचे.

ती जाण्याच्या पाच महिने आधी मी तिला तपासायला बसवलं. मोतीबिंदू दिसत होता, पण दोन वर्षं टाळत होती.

"डोळ्यात सुरी घालणार आणि मी जागी असणार?"

"सुरी नाही गं. बारीकसा छेद असतो."

"छेद काय चमच्याने देतात?"

तिने आधी एका, मग दुसऱ्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि दोन्ही वेळा वरच्या ओळीपासून खालून दुसऱ्या ओळीपर्यंत सरळ वाचत गेली. कुठे अडखळली नाही, डोळे बारीक केले नाहीत. अडुसष्टाव्या वर्षी असं कोणी वाचत नाही. आणि अक्षरं चूक होती. म्हणजे जुन्या तक्त्यावर ती बरोबर होती. तो पिवळा पडला म्हणून त्याच आठवड्यात सोमवारी मीच बदलला होता. भिंतीवर नसलेला तक्ता ती वाचत होती.

डिरेक्टरीबाई, नंबर बदललाय, असं म्हणायचं आणि दोघींनी हसायचं. वाक्य ओठांवर आलंही होतं. पण पाच वाजून गेले होते. ऑपरेशन म्हणजे दिवसातून चारदा थेंब, डोळ्यावर प्लास्टिकची ढाल, वाकायचं नाही, डोक्यावर पाणी नाही, आणि हे सगळं तिला ऐकायला लावणारी मी एकटी. तिच्या गुडघ्याच्या दुखण्यात माझी रजा संपली होती. दादा दोन दिवसांच्या प्रवासावर राहतो, फोनवर फार प्रेमळ असतो. आत्ता नको, असं कोणीतरी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मी दोन्ही डोळ्यांच्या चौकटींत सहा-नऊ लिहिलं. म्हणजे जवळजवळ चांगली नजर.

संगणकाच्या पडद्यावर आलं : अपेक्षित सुधारणा अल्प.

डॉक्टरांनी फोटो पाहिला. त्यांच्या टेबलावर अजून सतरा फायली होत्या. "धुकं बरंच आहे. पण वाचतायत ना? मग घाई कशाला. सहा महिन्यांनी बघू."

बाहेर पडताना आईने विचारलं, "पास?"

"पास."

"बघ. उगाच मागे लागली होतीस."

मी तिचं कोपर धरून तिला रस्त्यापर्यंत आणलं. मला कळलंय हे तिला कळलं होतं की नाही, ते मला माहीत नाही. त्या पाच महिन्यांत आम्ही दोघींनी विषय काढला नाही.

ती गेल्यानंतर दादा राहिला होता. दहाव्या-बाराव्या दिवशी तो तिची फाईल उघडून जेवणाच्या टेबलाशी बसला. दवाखान्याकडे तक्रार लिहीत होता.

"हे ऐक. 'आपल्या संगणकाच्या चुकीच्या अंदाजामुळे माझ्या आईचं ऑपरेशन लांबलं.' ठीक आहे ना?"

"राहू दे ना, दादा."

"का राहू दे? फोटो बघ. मला, साध्या माणसाला कळतंय की हा डोळा दुधासारखा झालाय. आणि ते यंत्र म्हणतं सुधारणा अल्प. डॉक्टर नुसती मान डोलावतो." त्याने चष्मा काढून टेबलावर टाकला. "तुझं नाव कुठे घातलेलं नाही. नोकरीची काळजी करू नकोस."

"त्यासाठी नाही म्हणत."

"मग? तू तरी काय काय करणार होतीस? सगळं तूच केलंस तिचं. मी नुसता विचारायचो, जेवलीस का." तो पुन्हा लिहू लागला.

मी काही बोलले नसते तरी चाललं असतं. पत्र गेलं असतं, प्रोग्रॅमवाले येऊन आकडे तपासून गेले असते. त्या आकड्यांवरून तोच अंदाज निघतो. फोटोत धुकं दिसूनही का थांबलात, याचं डॉक्टरांना मात्र उत्तर देता आलं नसतं. माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नसतं, दादाने तर नाहीच.

मी त्याच्या हाताखालचा कागद ओढून घेतला.

"अंदाज चुकला नाही. मी भरलं तसाच तो आला. तिला अक्षरं दिसत नव्हती. पाठ म्हणत होती, तीही जुन्या तक्त्यावरची. मला तिथेच कळलं होतं."

त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "मग बोलली का नाहीस?"

"दमले होते रे," मी म्हणाले. "तिचं करून करून दमले होते मी."